बेंबळीच्या वाटेवरची खाण

दीक्षाचं पत्र आलं तेव्हा योगीराजला जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरी अजून माणसं भेटायला येत होती. पोस्टमननं दारात दिलेलं पाकीट मी शर्टाच्या खिशात ठेवलं आणि आलेल्या माणसांसमोर पुन्हा मान खाली घालून बसलो. संध्याकाळी ते वाचलं. त्यानंतर तीन पावसाळे गेले. मी उत्तर दिलं नाही.

पत्र मोठं नव्हतं. मुलगी बेंबळीची. तिच्या घरी चुलीमागं साप निघाला होता, तेव्हा तो धरायला माझा मुलगा योगीराज गेला होता. घरातले सगळे काठ्या घेऊन उभे होते. योगीराजनं तिच्या हातात बॅटरी दिली आणि ‘हलवू नको’ एवढंच सांगितलं. त्या दिवसापासून आपली भीती गेली, असं तिनं लिहिलं होतं. आता ती कोल्हापूरला प्राणिशास्त्र शिकत होती, पुढं बेडकांवर काम करायचं म्हणत होती. सुट्टीत घरी आली की योगीराज तिला आणि तिच्या वडलांना हिंडवायचा. तेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवर सरडे, तेरणेच्या काठाला दिवड, येडशीच्या रानात घोरपड. शेवटी तिनं लिहिलं होतं:

‘ते म्हणायचे, सगळी ठिकाणं दाखवीन, पण माझं सगळ्यात आवडतं एक ठिकाण आहे, ते शेवटी. ते राहून गेलं. तुम्हाला नक्की ठाऊक असेल. सांगाल का? मला एकदा तिथं जाऊन बसायचं आहे. फोन केला असता, पण ते हसून म्हणायचे, बाबा फोन उचलत नाहीत, कागदावरचं मात्र काहीही वाचतात.’

खाली हॉस्टेलचा आणि बेंबळीच्या घरचा, असे दोन्ही पत्ते होते.

मला ते ठिकाण ठाऊक नव्हतं. उत्तर न देण्याचं कारण एवढंच.

मी धाराशिवला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. लोकांनी मागितलेली पुस्तकं काढून दिली आणि कोणी मागत नसलेली स्वतः वाचली. गाडी चालवायला शिकलो नाही, पोहायला शिकलो नाही. चार माणसांत बोलायची वेळ आली की अजून माझा घसा कोरडा पडतो. सापांबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं छापलेलं आहे. खरा साप जवळून पाहिला तो आमच्याच दारात, योगीराजच्या हातात, आणि तेव्हाही मी उंबऱ्याच्या आत होतो.

सापांचं चित्रांचं जाड पुस्तक त्याला मीच आणून दिलं होतं. शाळेत लक्ष लागेना, निदान हे तरी वाचेल म्हणून. त्यानं ते वाचलं नाही. चित्रं पाहिली आणि बाहेर पडला. पुढं तो महांतप्पांच्या दुकानात मोटारी भरायला लागला. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचं काम. कुठं साप निघाला की लोक दुकानात फोन करायचे आणि हा हातातलं काम टाकून जायचा.

संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवायच्या आधी माझ्या खुर्चीपाशी यायचा.

“बाबा, पुस्तक काढा. तपकिरी, हातभर, अंगावर पांढरे आडवे पट्टे.”

“पट्टे मानेपासून सुरू होतात की मागं?”

“मानेपासनं. शेपटीकडं पुसट.”

“मग कवड्या, बिनविषारी. मण्यारीचे उलट असतात. तरी पाठीवरच्या मधल्या ओळीतले खवले पाहिलेस का? मोठे होते का?”

“तो म्हणला, घाईत हाय, पुन्हा कधीतरी मोजा.”

“हात नाही ना लावलास?”

“बाबा, तुम्ही पान काढा.”

मी पान काढायचो, तो खांद्यावरून वाकून बघायचा. त्याच्या शर्टाला मोटारीच्या वार्निशचा वास असायचा. मला वाटायचं, हे आमच्या दोघांचं आहे. तो बाहेरून वर्णन आणतो, मी त्याला नाव देतो. इतर बाप-लेक शेतीचं बोलतात, राजकारणाचं बोलतात, आम्ही खवल्यांचं बोलतो. याचा मला मनातून थोडा अभिमानही होता.

पत्र वाचलं तेव्हा लक्षात आलं. मी त्याला लांबी विचारली होती, रंग विचारला होता, डोळ्याची बाहुली उभी की गोल तेही विचारलं होतं. कुठं नेऊन सोडलास, हे कधी विचारलं नव्हतं. नाव शोधायला ते लागत नव्हतं.

सोयाबीनच्या एका गोदामात पोत्यांच्या थप्पीमागं घोणस होती. तिनं त्याचा अंगठा धरला. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा तो बोलत होता. म्हणाला, “बाबा, या वेळी पुस्तक नको. घोणसच आहे.” आणि हसला. नंतर त्याची मूत्रपिंडं बंद पडली.

पत्राला उत्तर द्यायचंच नाही असं मी कधी ठरवलं नव्हतं. उलट शोध सुरू केला, माझ्या पद्धतीनं. आधी पुस्तकं काढली. जिल्ह्यात कुठं काय आढळतं याबद्दल छापलेलं जे काही घरात होतं ते सगळं पुन्हा वाचलं. पुस्तकात जिल्हा सापडला, मुलगा नाही.

मग धीर करून महांतप्पांच्या दुकानात गेलो.

“योगीराज साप सोडायला कुठं जायचा, काही कल्पना आहे का?”

“सर, तो मला म्हणायचा जेवायला जातो.”

“पण दुपारी जेवायला तो घरी यायचा नाही.”

“इथं पण जेवायचा न्हाय. आता तुमीच बगा.” महांतप्पांनी हातातली तार खाली ठेवली. “कुठं सोडायचा ते त्या सापाला ठावं. माझ्या दुकानापसनं लांब सोड, एवढीच माझी अट हुती. एकदा धामण घेऊन आला हितं. गिऱ्हाईक मोटार ठेवून पळालं, ते अजून न्यायला आलं न्हाय.”

मी हसलो. तेही हसले.

“चहा घ्या,” ते म्हणाले. “स्टूल न्हाय देत, खुर्चीवर बसा. त्या स्टुलावर तो बसायचा. कुणी बसत न्हाय त्याच्यावर. म्या बसा म्हन्लं तरी बसत न्हाईत.”

मी उभ्यानंच चहा घेतला.

एकदा तेरलाही जाऊन आलो. पत्रात टेकाडांचा उल्लेख होता म्हणून. उन्हाळा होता. टेकाडावर खापऱ्यांच्या तुकड्यांवर एक लहान सरडा मान वर करून उभा होता आणि गळ्याखालचा पंखा उघडत होता, मिटत होता. निळा, काळा, मधे केशरी. मी पिशवीतून पुस्तक काढलं, पान शोधलं, मान वर केली तर सरडा गेला होता. त्या उन्हात उभा राहून मी स्वतःला विचारलं, हे त्याचं आवडतं ठिकाण असेल का? असू शकेल. पण दीक्षा इथं येऊन गेली होती. म्हणजे हे नव्हे. एवढं साधं मला निघण्यापूर्वी सुचायला हवं होतं. परतीच्या बसमध्ये वाटलं, सरळ लिहून टाकावं, ‘मला माहीत नाही.’ घरी येऊन तसा कागदही घेतला. पण ते तीन शब्द लिहिणं म्हणजे, मी त्याचा बाप होतो आणि मला तो माहीत नव्हता, असं सही करून देणं. कागद पुन्हा खणात ठेवला.

माझी बायको, सुमन, या काळात घरातच होती. हे वाक्य विचित्र वाटेल, पण मला ते असंच लिहायला हवं. ती घरातच होती. सकाळी चहा ठेवायची, माझ्या डोळ्यांत औषध घालायची, संध्याकाळी देवापुढं दिवा लावायची. योगीराजबद्दल आम्ही बोलत नव्हतो. त्याचा टॉवेल दोरीवरून कोणी काढला, त्याचे बूट कुठं गेले, हे मी तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. एकदा माळ्यावर मला प्लॅस्टिकच्या तीन मोठ्या बरण्या दिसल्या. लोणच्याच्या. झाकणांना तापलेल्या सळईनं पाडलेली भोकं होती.

“या कशाच्या गं?”

“मिरच्या ठेवायच्या,” ती म्हणाली. “वारा लागावा म्हणून भोकं.”

मला ते पटलं. मिरच्यांबद्दल मी काही वाचलेलं नव्हतं.

यंदाच्या नागपंचमीला सकाळीच तिनं पुरणाची दिंडं उकडून ठेवली. या दिवशी आमच्याकडं तवा चढत नाही, विळीला हात लावत नाहीत, काही चिरत नाहीत, खणत नाहीत. आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास करतात, कारण नाग भाऊ. योगीराज गेल्यावर सुमन हा सण सोडून देईल असं मला वाटलं होतं. तिनं सोडला नाही. त्याचा मला राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची, म्हणून त्या दिवशी मी पुस्तक तोंडासमोर धरून बसायचो. लाह्या आणि दुधाची वाटी पिशवीत ठेवून ती दुपारी निघून जायची. गल्लीतल्या बायकांबरोबर वारुळाला जाते, असं मी धरून चाललो होतो.

यंदा ती गेल्यावर थोड्या वेळानं शेजारच्या धुरपताबाई दारात आल्या. नवं लुगडं, हातात ताट.

“सुमनबाई हाईत का? म्हणलं यंदा तरी संगं येताव का बघावं.”

“ती तुमच्याबरोबरच गेली ना?”

“आमच्यासंगं?” त्यांनी पदर सारखा केला. “भाऊजी, पोरगं गेल्यापसनं त्या आमच्यासंगं वारुळाला आल्याच न्हाईत. मगाशी ष्टँडाकडं जाताना दिसल्या आमच्या सुनंला. आमाला वाटलं तुमाला म्हाईत असंल.” माझ्या चेहऱ्याकडं बघून त्या घाईनं म्हणाल्या, “देवालाच गेल्या असतेल. येतेल. तुमी दिंडं खाल्लाव का?”

मी मान हलवली. त्या गेल्यावर पुस्तक उघडं टाकून दारातच बसलो.

सुमन आली तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. साडीच्या काठाला कुसळं चिकटली होती आणि पायांना मुरमाचा पांढरट चिखल होता. ती पायरीवर बसली आणि एकेक कुसळ काढायला लागली.

“धुरपताबाई आल्या होत्या,” मी म्हणालो.

“बरं.”

“तू त्यांच्याबरोबर जात नाहीस म्हणाल्या.”

“न्हाय जात.”

“मग कुठं जातेस?”

तिचा हात थांबला. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “विचारलं बाई एकदाचं.”

“म्हणजे?”

“ते पत्र टेबलाच्या खणात हाय. आलं त्याच आठवड्यात वाचलं मी. म्हणलं, आज विचारताल, उद्या विचारताल. महांतप्पाला विचारलं. तेरला उन्हात जाऊन आलाव, डोकं दुखतंय म्हणून पडून ऱ्हायलाव. समदी पुस्तकं उलथीपालथी केली. घरात बाई हाय, तिला तेवढं न्हाय विचारलं.”

मला खरंच कळेना. “तुला ते ठिकाण ठाऊक आहे?”

“त्याच्या गाडीवर मागं कोण बसायचं मग? एका हातानं गाडी चालवावं का दुसऱ्या हातानं साप धरावं त्यानं? बरणी माझ्या मांडीवर असायची.”

“त्या माळ्यावरच्या?”

“मिरच्यांच्या,” ती म्हणाली, आणि हसायला गेली ते तिला जमलं नाही.

हळूहळू तिनं सांगितलं. पहिल्यांदा तो दुपारी घरी आला, मी कॉलेजात होतो. नाग पोत्यात होता आणि पोतं हँडलला टांगून न्यायला त्याला भ्याव वाटत होतं, पोत्याचं नव्हे, सापाला धक्के बसतील याचं. तिनं लोणचं दुसरीकडं काढलं, बरणी घासून दिली आणि झाकण नीट बसलंय का हे स्वतः बघायचं म्हणून गाडीवर बसली. त्यानंतर जमेल तेव्हा ती जायची. बाबांना सांगू नको, ते उगं घाबरतील, असं तो म्हणाला होता.

“पण नंतर?” मी म्हणालो. “तो गेल्यावर तू का नाही सांगितलंस?”

“बरण्या मी दिल्या,” ती म्हणाली. “एक फुटली की दुसरी दिली. आईनं अडवायचं असतंय. मी झाकण घट्ट हाय का बघत बसले. तुमाला कळालं असतं तर तुमी काय म्हणला असताव? काय म्हणला नसताव. तेच भ्याव हुतं मला. तुमी बोलत न्हाईत, नुसतं बघताव.”

पुस्तक मी आणलं होतं, हे मला तेव्हाच बोलायचं होतं. त्याऐवजी मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो आणि काठाची कुसळं काढायला लागलो. मला ते नीट जमत नव्हतं. तिनं हात बाजूला केला नाही.

पोळ्याच्या आधी एका दुपारी आम्ही दोघं बेंबळीच्या बसनं निघालो. गावाच्या अलीकडं एका फाट्यावर उतरलो. पुढं गाडीवाट, दोन्हीकडं सोयाबीन. ती पुढं, मी मागं. ती इतकी भरभर चालते हे मला ठाऊक नव्हतं.

“तिकडं बाभळी दिसत्यात, तिथं,” ती म्हणाली. “दगडाची जुनी खाण हाय. आता कुणी दगड काढत न्हाय. पाणी साठतंय.”

बाभळींपाशी ती थांबली.

“तुमाला सांगायचं ऱ्हायलं,” ती म्हणाली. “निम्मी बुजवली.”

खाणीच्या एका बाजूनं मुरूम, फुटलेला डांबराचा रस्ता, सिमेंटचे तुकडे ओतलेले होते. कुठं रस्ता रुंद करत होते, तिथला राडारोडा ट्रकनं इथं येत होता. मुरमात ट्रकच्या चाकांचे ताजे चर होते. उरलेल्या अर्ध्या भागात हिरवट पाणी आणि पलीकडं उभा काळा कातळ.

“कधीपासून?”

“गेल्या पंचमीला कडंला थोडं हुतं. त्याच्या आदल्या साली कायबी नव्हतं. समदी मोकळी हुती, पार त्या लिंबापतूर.”

मी त्या लिंबापर्यंत नजर नेली. ज्या वर्षी पत्र आलं त्या वर्षी पाणी तिथंवर होतं. सुमनला एक शब्द विचारून मी एक पोस्टकार्ड टाकलं असतं, तर ती मुलगी इथं येऊन ते सगळं पाहून गेली असती. ती बेडकांवर शिकत होती. काय काय पाहायचं ते तिला कळलं असतं. मला बुजवलेल्या जागी काय होतं हेसुद्धा कळत नव्हतं.

पाण्याच्या काठाला एक सपाट शिळा होती. सुमन तिथं जाऊन बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली.

“इथं बसायचो. तो तिकडं, त्या खबदाडापाशी झाकण काढून बरणी आडवी करायचा आन् मागं यायचा. साप लगीच न्हाय जात. आधी तोंड बाहेर काढून बघतोय. मग निवांत जातोय.” ती खबदाडाकडं बघत होती. “साप गेला की मी म्हणायची, चल आता, भाजी टाकायचीय. तर म्हणायचा, आई, थांब. दिवस मावळू दे. मग ऐक.”

“काय?”

“बेडूक. सापापेक्षा त्याला तेच जास्ती. म्हणायचा, हे बाबांना ऐकवायला पायजे.”

“मग मला कधी विचारलं नाही त्यानं?”

“विचारलं हुतं की. तुमी वाचत हुताव. म्हणला, बाबा, येताव का माझ्यासंगं एका जागी. तुमी म्हणलाव, पुढच्या रविवारी.”

मला ते आठवत नाही. मी तिथं बसून आठवायचा प्रयत्न केला, त्यानंतर रोज केला आहे, आजही केला. कोणतं पुस्तक होतं, तो कुठं उभा होता, काही आठवत नाही. माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांची नावं मी अजून सांगू शकतो.

“पुस्तक मी आणलं होतं त्याला,” मी म्हणालो. “सापांचं. मी ते आणलं नसतं तर.”

सुमननं माझ्याकडं पाहिलं. “चौथीत असताना? तुमी ते धरून बसलाव व्हय इतके दिवस?” मग म्हणाली, “त्याच्या आधी तो न्हाणीत बेडूक ठेवायचा. पुस्तकानं काय हुतंय. तुमाला न्हाणीत कधी दिसले न्हाईत, कारण तुमी चष्मा काढून आंघूळ करताव.”

मी हसलो, आणि ते हसणं मधेच दुसरं काहीतरी झालं. तिनं माझा हात धरला नाही. शेजारी बसून राहिली, पाण्याकडं बघत.

थोड्या वेळानं तिनं समोरच्या कातळावर बोट दाखवलं. पाण्याच्या वर वीतभर, साबणाच्या फेसासारखा एक गोळा दगडाला चिकटलेला होता. बाहेरून वाळून पिवळट झालेला.

“ते काय म्हणतेत? त्यालाबी म्हाईत नव्हतं. म्हणला, बाबांना विचारतो. ऱ्हायलं असंल.”

ते मला ठाऊक होतं. “झाडबेडकाचं घरटं,” मी म्हणालो. “मादी फेस करते, त्यात अंडी घालते. बाहेरून वाळतो, आत ओल राहते. पिल्लं झाली की तो विरघळतो आणि ती खाली पाण्यात पडतात.”

“पाणी बुजवलं तर?”

मी बुजवलेल्या बाजूकडं पाहिलं.

“झाडबेडूक,” तिनं कातळाकडं बघून, जणू तिकडं कुणी बसलंय असं, एकदा म्हटलं.

दिवस मावळला. आधी एकच कुठंतरी, कुणी लाकडावर बोटं वाजवावीत तसा. मग त्याला पलीकडून उत्तर आलं. मग सगळीकडून. पुस्तकांत या आवाजांची वर्णनं असतात, कुठला टकटक करतो, कुठला घरघरतो. मला त्यातलं काही वेगळं काढता आलं नाही. बुजवलेल्या बाजूनं आवाज येत नव्हता. अर्ध्या वर्तुळातून येत होता. डोळे पुसायची गरज नव्हती, अंधारून आलं होतं आणि सुमन पाण्याकडं बघत होती.

“पूर्वी लई असायचे,” ती म्हणाली. “बोललेलं ऐकू यायचं न्हाय. चला, बस जाईल.”

घरी आल्यावर उत्तर लिहायला बसलो. बरेच कागद वाया गेले. पहिल्यात मी उशिराची कारणं दिली होती, ती वाचून मलाच कंटाळा आला. दुसऱ्यात बेडकांबद्दल इतकी माहिती होती की त्या मुलीला वाटलं असतं मी तिची परीक्षा घेतोय. सुमन भाजी निवडत ऐकत होती.

“वाट लिवा आधी,” ती म्हणाली. “पोरीनं काय विचारलंय? कुठं, एवढंच ना?”

शेवटी हे लिहिलं:

‘चि. दीक्षा, आशीर्वाद.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला फार उशीर झाला. योगीराजचं आवडतं ठिकाण मला ठाऊक नव्हतं. त्याच्या आईला ठाऊक होतं. मी तिला विचारलं नाही. ते तुमच्या गावापासून जवळच आहे. गावाच्या अलीकडच्या फाट्यावरून गाडीवाटेनं आत गेलं की बाभळींमागं दगडाची जुनी खाण आहे. पाण्याकाठी एक सपाट शिळा आहे. तिथं दिवस मावळेपर्यंत थांबावं लागतं.

निम्मी खाण बुजवली आहे. उरलेलीही राहील असं दिसत नाही. तुम्ही पत्र पाठवलं तेव्हा ती पूर्ण होती. याला मी काय म्हणावं ते मला कळत नाही. शक्य असेल तर लवकर या. आधी घरी या, आम्ही दोघंही बरोबर येऊ. कातळावर झाडबेडकाची घरटी आहेत. इतर आवाज मला ओळखता आले नाहीत. तुम्ही सांगाल तर ऐकायला आवडेल.’

“कसं आहे?” मी विचारलं.

“तिनं शिक्षण सोडलं असंल, लग्न झालं असंल, काय म्हाईत,” सुमन म्हणाली. मग देठ काढता काढता, “त्यानं एकदा नाव घेतलं हुतं तिचं. माझ्यापाशी, त्या शिळेवर. मी काय बोलले न्हाय. भाजी टाकायचीय म्हणले.” तिनं देठांचा ढीग उचलला. “लिवा, आई वाट बघती म्हणावं.”

मी ते खाली लिहिलं.

पाकिटावर बेंबळीचा पत्ता घातला. हॉस्टेलमध्ये ती आता असणार नाही, घरून तिला कळेल. आम्ही पोस्टात निघालो तेव्हा सुमन म्हणाली, “तिच्या गावाच्या शिवंपतूर जाऊन आलाव. चार पावलं म्होरं जाऊन हातात दिलं असतं तर जमलं नसतं व्हय?”

“मला बोलता आलं नसतं.”

“ते बी खरंच,” ती म्हणाली, आणि समोरच्या दुकानाच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

मी पेटीपुढं उभा राहिलो. पत्ता पुन्हा वाचला. पिनकोड बरोबर होता. तरी वाटलं, पत्र परत न्यावं, एकदा नीट उतरवून काढावं, उद्या यावं. भिंतीवर, पेटीच्या जरा वर, छपराच्या सावलीत एक पाल होती. कोणत्या जातीची ते मी पाहिलं नाही. कुठं आहे ते पाहून ठेवलं, घरी गेल्यावर सुमनला सांगायला. मग पत्र पेटीत टाकलं.